वजनाचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास? शुगर आहे, ॲसिडिटी पण आहे, आणि दोन डॉक्टरांची दोन मतं

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतंच वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १६० सेंमी, वजन १०८ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४२ च्या आसपास. शुगर सहा वर्षांपासून, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची गोळी दोन वेळा आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिन, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४. बीपीची एक गोळी. रात्री घोरते, नवरा म्हणतो मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून परत सुरू होतो, दुपारी ऑफिसात स्क्रीनसमोर डुलक्या लागतात ते वेगळंच. ॲसिडिटी तर कॉलेजपासूनची, आडवं झालं की घशाशी आंबट येतं म्हणून दोन उश्या घेऊन झोपते.

डाएट सगळी करून झालीत. दोनदाच जेवायचं ते, कीटो, भाकरी बंद, भात बंद, जिम, पर्सनल ट्रेनर. उतरतं आणि सव्याज परत येतं. त्यामुळे कृपया "मनावर घेतलं की होतं" हे कोणी लिहू नका, ते घरी रोज ऐकते.

आता वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी दोन सर्जनना भेटले. पहिले म्हणाले स्लीव्ह करा, म्हणजे नुसतं पोट लहान करायचं, सोपं आहे, आतड्याला हात लावत नाही, दोन-तीन दिवसांत घरी. दुसरे म्हणाले शुगर आहे ना मग मिनी बायपासच, म्हणजे पोट लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळायचा, स्लीव्ह केलीत तर पाच वर्षांनी परत याल माझ्याकडे. दोघंही अनुभवी, दोघंही अगदी ठाम, आणि मी बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत आणखी गोंधळलेली. नवरा म्हणतो तू ठरव. सासूबाई म्हणतात चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं म्हणजे काय.

मला जाणून घ्यायचंय की ज्यांनी केलंय त्यांना चार-पाच वर्षांनी काय वाटतं, पहिल्या वर्षाचे फोटो सगळेच टाकतात. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, एकादशी करते, त्याचं काय होतं? आणि इन्शुरन्स देतं का? कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे शिवाय घरची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) आहे.

चकलीवाली

सायली, मी स्लीव्हवाली. पुण्यात केली, सहा वर्षं झाली. १२१ होते, सगळ्यात खाली ८० पर्यंत गेले, आज ८९ आहे.

पहिलं वर्ष म्हणजे जादूच वाटते गं. भूकच नाही. म्हणजे समोर पुरणपोळी असून हात पुढे जात नाही असं मला जन्मात झालं नव्हतं. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग किंवा त्याहूनही थोडा जास्त कापून काढून टाकतात, केळ्याएवढी नळी राहते, आणि जो भाग जातो त्यातच भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, म्हणून असं होतं असं मला सांगितलं होतं. कापलेला भाग परत येत नाही हे मात्र नीट डोक्यात ठेव, तो बाहेर जातो, परतीचं तिकीट नाही.

दुसऱ्या दिवशीपासून चालवतात, ती तीन बॉलवाली फुंकायची, नाही फुंकायची नाही, आत ओढायची मशीन देतात, सिस्टर दर तासाला येऊन "ताई, किती बॉल?" विचारायची, मला त्या प्रश्नाचा इतका राग यायचा. पाणी औषधाच्या छोट्या कपातून, तेही एक घोट, थांब, एक घोट. मला वाटलं होतं दुखेल खूप पण दुखण्यापेक्षा खांद्यात आलेल्या गॅसनं हैराण केलं. चौथ्या महिन्यात केस जाम गळले, कंगवा बघून रडायला यायचं, नंतर आले परत.

आता तू विचारलंस ते, चार-पाच वर्षांनी. भूक परत येते. पहिल्यासारखी नाही पण येते. आणि मला आधी ॲसिडिटीचा अजिबात त्रास नव्हता, आता रोज रात्री गोळी लागते. मागच्या वर्षी एंडोस्कोपी केली तर अन्ननलिकेला सूज निघाली आणि आता मला सांगतायत की त्रास असाच राहिला तर स्लीव्हची बायपास करून घ्यावी लागेल. जिथे केली तिथे ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी झाली, रक्त झालं, ईसीजी झाला, पण एंडोस्कोपी कोणी केलीच नाही. हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही, त्याने काही होणार नाहीये.

तरीही विचारशील तर मी परत करेन. गुडघे वाचले माझे, बीपीची गोळी सुटली, विमानात सीटबेल्टचं एक्स्टेन्शन मागावं लागत नाही. पण तुला आधीच घशाशी येतंय म्हटल्यावर स्लीव्ह वाचूनच माझ्या पोटात गोळा आला बघ.

गोदाकाठचा_वासू

सकाळी उठून रोज ८-१० किमी चालायचं, साखर मैदा बंद, रात्री सातच्या आत जेवण. माझं १४ किलो उतरलं एकही रुपया न घालवता. हल्ली लोकांना सगळं शॉर्टकट पाहिजे.

भूलवाला_डॉ

वासूराव, अभिनंदन, मनापासून. पण बीएमआय २९ वरून २५ ला येणं आणि ४२ वरून येणं हे दोन वेगळे आजार आहेत असंच समजा. या वजनाला शरीर हट्टाला पेटतं, वजन उतरलं की भूक वाढवतं, जाळणं कमी करतं, आणि ते वर्षानुवर्षं करत राहतं. सायलीताईंनी तर लिहिलंच होतं की हे कोणी लिहू नका.

सायलीताई, मी सर्जन नाही, भूल देतो, मराठवाड्यात, आणि अशा केसेस नियमित करतो. तुमच्या पोस्टमधल्या तीन गोष्टींवर माझी नजर अडकली आणि त्यातली एकही "स्लीव्ह की बायपास" ही नाहीये.

एक, डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद व्हायला पाहिजे, आणि ऑपरेशनच्या आधी तुम्हाला लिव्हर लहान करायला जो दोनेक आठवड्यांचा कमी कॅलरीचा, बहुतेक लिक्विड डाएट देतील तेव्हाच तिचं काय करायचं हे तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारा. ही गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो आणि त्यात फसवं काय तर शुगर फार वाढलेलीच नसते, ग्लुकोमीटर बघून सगळे निर्धास्त आणि पेशंट मात्र धापा टाकतोय. ग्लिमेपिराइडचं उलटं, लिक्विड डाएटवर तोच डोस चालू ठेवला तर शुगर धाडकन खाली येते. डोस स्वतः कमीजास्त करू नका, पण "या दोन गोळ्यांचं काय?" हा प्रश्न तुम्ही विचारायचाच.

दोन, घोरणं. नवऱ्याने सांगितलेलं वर्णन म्हणजे पुस्तकातला स्लीप ॲप्निया आहे. स्लीप स्टडी करून घ्या, हल्ली घरी मशीन लावूनही होते. निघाला तर ऑपरेशनच्या आधी काही आठवडे सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन) वापरायची सवय करा आणि ॲडमिट होताना तुमची स्वतःची मशीन घेऊन या. भुलीनंतरच्या पहिल्या रात्री आम्हाला झोप लागत नाही ती याच पेशंटमुळे.

तीन, ॲसिडिटी. चकलीवाली ताईंनी लिहिलंय तेच, एंडोस्कोपी झाल्याशिवाय कुठलंही ऑपरेशन ठरवू नका. हायटस हर्निया, म्हणजे पोटाचा वरचा भाग छातीत सरकलेला, आहे का, अन्ननलिकेला सूज किती, एच पायलोरी हा पोटातला जंतू आहे का, हे कळल्याशिवाय दोन्ही सर्जनची मतं अर्धवट माहितीवरची आहेत. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची समोरासमोर तुलना करणारी एक मोठी ट्रायल झाली, तिचे १० वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. वजन बायपासमध्ये थोडं जास्त उतरलं, पण फरक डोळे दिपवण्याइतका नव्हता. म्हणजे वजनासाठी दोन्ही चालतात, घशासाठी मात्र बायपासच बरी.

आणि मला आश्चर्य याचं वाटलं की दोघांपैकी एकानेही तिसरं नाव काढलं नाही. तुम्हाला "बायपास" म्हणून जे सांगितलं ते मिनी बायपास. मूळ बायपास वेगळी, तिला रू-एन-वाय म्हणतात. तिच्यात पोटाच्या वरच्या टोकाला ३० मिलीच्या आसपास लहानशी पिशवी करतात आणि आतड्याचे दोन जोड असतात, त्यामुळे पित्त पिशवीपासून लांब खाली जाऊन मिसळतं. मिनीमध्ये पोटाची लांब नळी आणि एकच जोड, वेळ कमी लागतो, शुगरला छान, वजन छान, आपल्याकडे म्हणून भरपूर होते. पण पित्त त्या जोडावरूनच जातं, ते उलटं वर यायची शक्यता राहते. शिवाय किती आतडं वगळलं त्यावर कुपोषण ठरतं. फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये २०० सेंमी वगळलं होतं, दोन वर्षांत वजन रू-एन-वायच्या तोडीस तोड उतरलं पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त निघाल्या. शाकाहारी माणसाने तर "किती सेंटिमीटर वगळणार?" हे विचारलंच पाहिजे. सर्जनला राग आला तर दुसरा सर्जन बघा.

धोक्याचं म्हणाल तर चांगल्या सेंटरमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, पित्ताशय काढायच्या ऑपरेशनच्या पंगतीतला. लीक म्हणजे टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन फुफ्फुसात जाणं, हे होतं, कमी होतं. म्हणून त्या सिस्टर चालवतात हो.

मधुकर_सोलापूर

मी रू-एन-वायवाला. वय ५२, ऑपरेशनला चार वर्षं झाली. शुगर ११ वर्षांची होती आणि इन्सुलिन दिवसाला ६० युनिट. गंमत अशी की वजन उतरायच्या आधीच शुगर उतरली, डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन पावावर आलं होतं, वजन तर तेव्हा दोन-तीन किलोच कमी. सर म्हणाले अन्न आतड्यात लवकर पोचलं की आतड्यातली हार्मोन्स बदलतात, त्याचा हा परिणाम. आज इन्सुलिन बंद, एक मेटफॉर्मिन चालू. पूर्ण सुटलं नाही कारण शुगर जुनी होती आणि इन्सुलिनवर गेली होती. तुमची सहाच वर्षांची आणि गोळ्यांवर आहे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त फायदा व्हायला हवा. अमेरिकेत क्लीव्हलँडला केलेला अभ्यास आमच्या सरांनी दाखवला होता, पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के. म्हणजे बघा, बायपास केली म्हणून शंभरातल्या शंभरांची शुगर जात नाही, बॅनरवर काही का छापलेलं असेना.

आता डम्पिंग. हा शब्द ऐकला होता, अर्थ भाच्याच्या लग्नात कळला. बासुंदीची एक वाटी, आग्रह, "मामा एवढं तर घ्याच". पंधरा मिनिटांत छाती धडधड, दरदरून घाम, पोटात कळ, आणि डोळ्यासमोर अंधारी. वधूपक्षाच्या खोलीत गादीवर अर्धा तास पडून होतो, लोकांना वाटलं हार्ट ॲटॅक, एकाने तर ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. तेव्हापासून गोडाकडे बघत पण नाही. कोणी म्हणेल त्रास, मी म्हणतो चौकीदार बसलाय आत.

बाकी जपायचं म्हणजे तंबाखू-सिगरेट कायमची बंद आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम आणून खायची नाही, जोडावर अल्सर होतो. मी पाकिटात चिठ्ठीच ठेवलीय, बायपास झालेली आहे, पेनकिलरमध्ये फक्त पॅरासिटामॉल. आणि पोटात अचानक मुरडून जोरात कळ आली तर गॅस म्हणून घरी बसायचं नाही, आतडं आत अडकू शकतं, सरळ सर्जनला फोन.

इन्शुरन्स सांगतो, यात मी पीएचडी केलीय. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमात लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट नाकारता येत नाही, पण अटी आहेत. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला लेखी, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा मग ३५ किंवा जास्त असून सोबत कंट्रोलमध्ये नसलेली टाइप टू शुगर, सिव्हिअर स्लीप ॲप्निया, हृदयाच्या धमन्यांचा आजार यातलं काही, आणि आधी साधे उपाय करून झालेले. तुम्ही ४२ म्हणजे बसता. पण पॉलिसीचा वेटिंग पीरिअड (पॉलिसी घेतल्यापासून थांबायचा काळ) बघा, आणि लिक्विड डाएट सुरू करायच्या आधीची उंची-वजनाची नोंद हॉस्पिटलच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. माझं प्री-ऑथ (आगाऊ मंजुरी) पहिल्यांदा परत आलं तेव्हा टीपीएचा (क्लेम तपासणाऱ्या कंपनीचा) बाबा ॲडमिशनच्या दिवशीचं वजन धरून बसला होता. जुन्या डाएटिशियनच्या पावत्या, जिमच्या पावत्या, एचबीएवनसीचे जुने रिपोर्ट, सगळं फाइलला लावा. ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा वेटिंग नसतं, एचआरला विचारा, आणि आधी तीच वापरा.

कट्टा_२.०

अहो पण आता २०२५ नंतर ऑपरेशन कोण करतं? वजनाची औषधं आलीत, मौंजारो, वेगोवी, आठवड्याला एक सुई टोचायची, पोट फाडायची गरजच नाही. माझ्या मित्राचे सहा महिन्यांत १७ किलो गेले.

भूलवाला_डॉ

पोट फाडत नाहीत हो, दुर्बिणीतून चार-पाच बारीक छिद्रं असतात.

औषध चांगलं आहे यात वाद नाही. टिर्झेपटाइडच्या (मौंजारो) सगळ्यात मोठ्या डोसवर दीडेक वर्षात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, सेमाग्लुटाइडवर (वेगोवी) १५ टक्के. हे ऑपरेशनच्या जवळ पोचलेले आकडे आहेत, दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण सुई थांबवली की काय, याचाही अभ्यास झालाय, सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं कायम घ्यायचं, आणि महिन्याचं बिल कायम भरायचं. ४१ व्या वर्षी सुरू केलं तर किती वर्षं हा हिशोब घरी कागदावर करून बघा. ज्यांना ऑपरेशन नकोच आहे, भुलीचा धोका जास्त आहे किंवा बीएमआय ३० च्या आसपास आहे, त्यांच्यासाठी मी स्वतः सुईच सुचवेन. काहींना ऑपरेशननंतर वजन परत चढलं तर वरून हीच सुई देतात. दोन्ही बाजूंनी भांडण लावायचं काही कारण नाही.

फक्त कोणी आधीच सुई घेत असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा. पोट सावकाश रिकामं होतं, रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं, आणि ते भुलीत उलटून फुफ्फुसात गेलं की मोठी पंचाईत.

लीड्सकर

इकडचं थोडं सांगते, इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत काम करते, सर्जरीशी थेट संबंध नाही पण हे पेशंट वॉर्डात भेटतात. इथे बीएमआय ४० किंवा आजार असतील तर ३५ असा नियम आहे, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांना तो अडीचने खाली आणतात, कारण आपल्याला कमी वजनावरच शुगर आणि हृदयाचा त्रास गाठतो. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये नियम आणखी सैल केले, आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो. त्यामुळे सायली, कोणी "तुला गरज काय" म्हणालं तर लक्ष देऊ नकोस, तू त्या रेषेच्या कितीतरी पुढे आहेस.

इथे वेटिंग लिस्ट भयंकर, म्हणून लोक स्वस्तात टर्कीला जाऊन स्लीव्ह करून येतात आणि मग कॉम्प्लिकेशन घेऊन आमच्याकडे. ऑपरेशन बरं झालेलं असतं बऱ्याचदा, पण पुढे बघायला कोणी नसतं. ना रक्त तपासायचं कोणी सांगितलेलं, ना कुठल्या गोळ्या. एनएचएसमध्ये पहिली दोन वर्षं सर्जरीची टीमच फॉलोअप करते, नंतर दरवर्षी आयुष्यभर. म्हणून सर्जन निवडताना तो नाशिकपासून किती लांब आहे हेही बघ. मुंबईचा कितीही मोठा असला तरी उलटी थांबत नाहीये म्हणून रात्री कसाऱ्याचा घाट उतरणार आहेस का?

डाएटिशियन_कोल्हापूर

उलटीचा विषय निघालाच आहे तर आधी तेच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर शरीरातलं बी-१ म्हणजे थायमिन झपाट्याने संपतं आणि मेंदूवर परिणाम होतो, दुहेरी दिसणं, तोल जाणं, बरळणं. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नेतात आणि ताकद यावी म्हणून आधी ग्लुकोजची बाटली लावतात, त्याने उलट बिघडतं. आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे घरातल्या एका माणसाला पाठ करून ठेवायला सांगा, कारण त्या वेळी तुम्ही सांगण्याच्या अवस्थेत नसाल.

आता शाकाहार. जमतो, माझे निम्मे पेशंट शाकाहारी आहेत, पण लक्ष द्यावं लागतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पाहिजे आणि पोटात मावतं मूठभर. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत ५-६ ग्रॅमच असतं आणि त्या वाटीनेच पोट भरून जातं, मग काय उपयोग. म्हणून ताटात आधी पनीर, चक्का, सोया, घट्ट डाळ किंवा मुगाचं धिरडं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. भात शेवटी. सुरुवातीचे महिने व्हे प्रोटीनची पावडर घ्यावीच लागते, तिला नाक मुरडू नका, ती दुधापासूनच बनते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, एरवी दिवसभर घोट घोट. घास इतका चावायचा की घरचे वैतागले पाहिजेत.

सुरुवातीला लिक्विड, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिमटासारखं, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी रोजचं जेवण. कोणाच्या तरी यूट्यूबवर बघून पुढच्या टप्प्यावर वेळेआधी उडी मारू नका, आत टाके ओले असतात.

एकादशी: पहिलं वर्ष तरी सोडा, विठोबा समजून घेईल. निर्जळी तर कधीच नाही. पुढे करायचीच असेल तर साबुदाण्याची खिचडी बाजूला ठेवा, तो नुसता स्टार्च, प्रोटीन जवळपास शून्य, वर बायपास असेल तर डम्पिंगचीही भीती. राजगिरा, दही, भिजवलेले शेंगदाणे, पनीर चालवून घ्या. आणि उपास असला तरी गोळ्यांना उपास नाही.

गोळ्या आयुष्यभर, म्हणजे खरंच आयुष्यभर. बी-१२ (शाकाहारी माणसाचं आधीच तळाला असतं, ऑपरेशनच्या आधी तपासून भरून घ्या), लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन. रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. दोन वर्षं सगळे शिस्तीत येतात, तिसऱ्या वर्षी "मॅडम आता बरी आहे" म्हणून गायब होतात, आणि सातव्या वर्षी हिमोग्लोबिन ६ घेऊन उगवतात. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिने एक गोळी देतात बहुतेक ठिकाणी, दिली नाही तर विचारा. पाळी अनियमित असेल तर ती अचानक सुरळीत होते, तेव्हा दिवस राहणार नाहीत याची निदान वर्ष-दीड वर्ष काळजी घ्या, आणि बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका.

सासूबाईंना पहिल्या भेटीला सोबत आणा असं मी सगळ्यांना सांगते. स्वयंपाकघर त्यांच्या हातात असेल तर डाएट प्लॅन तुम्हाला देऊन उपयोग काय?

चकलीवाली

+१ सासूबाईंना न्यायच्या मुद्द्याला. माझ्या साबा पहिल्या महिन्यात चोरून शिरा भरवायला बघायच्या, "एवढंसं खाऊन माणूस जगतं का". डाएटिशियनने त्यांनाच वाटी-चमच्याचं माप हातात दिलं, तेव्हापासून माझ्यावर त्यांचीच करडी नजर.

सायली_नाशिक

सगळ्यांना काय बोलू, इतकं दोन कन्सल्टेशनमध्ये मिळून कोणी सांगितलं नाही. आज शुगरच्या डॉक्टरांना फोन केला, डापाग्लिफ्लोझिनचं विचारलं, ते म्हणाले तारीख ठरली की आठवडाभर आधी भेटा, आपण बदलू. एंडोस्कोपी शनिवारी आहे, स्लीप स्टडीचं मशीन पुढच्या आठवड्यात घरी येतंय. दुसऱ्या सर्जनना मेसेज करून विचारलं की किती सेंटिमीटर वगळणार आणि रू-एन-वाय का नको, तर त्यांनी चक्क स्वतः फोन केला, म्हणाले रिपोर्टमध्ये हर्निया किंवा जास्त सूज निघाली तर मी पण रू-एन-वायच सुचवेन, तुम्ही आधी ॲसिडिटीचं सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं हो, असो. एचआरने ग्रुप पॉलिसीत कव्हर आहे असं तोंडी सांगितलंय, मधुकरकाका, मी मेलवर मागितलंय.

सासूबाई यायला तयार झाल्यात, अट एकच, डॉक्टरांना प्रश्न त्या विचारणार.

डाएटिशियन ताई, एक शेवटचं, हसू नका. चहा? सकाळचा आणि चारचा. बाकी सगळं सोडेन.

डाएटिशियन_कोल्हापूर

मला रोज विचारतात हे, हसायचं काय त्यात. सुरुवातीचे काही आठवडे नाही, मग बिनसाखरेचा अर्धा कप चालेल, तुमची टीम सांगेल तेव्हापासून. फक्त चहा आणि लोहाची गोळी यांची गाठ पडू देऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि लोह यातही दोन तासांचं अंतर. म्हणजे सकाळी चहा, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, चारचा चहा, रात्री झोपताना लोह, असं बसवता येतं. चहासोबतची खारी मात्र गेली.

शनिवारचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका.